महाविद्यालयांतील पहिला आठवडा

दरवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन दूरच्या शहरांतील महाविद्यालयांत दाखल होतात. प्रवेश मिळेपर्यंत घरांतील सर्व मंडळींचें लक्ष गुणांच्या टक्केवारीकडे, अर्जांकडे व शुल्काकडे लागलेलें असतें. एकदां प्रवेश मिळाला, पेढे वांटले, कीं आतां सर्व कांहीं यथास्थित होईल अशी समजूत होते. परंतु खरी कसोटी लागते ती त्यानंतरच्या सहासात दिवसांत. ह्या दिवसांविषयीं मुलांस आगाऊ कोणी फारसें सांगत नाहीं. म्हणून ह्याच शाळेंत शिकलेला व पुढें वाणिज्य शाखेचा शिक्षक झालेला एक माजी विद्यार्थी ह्या नात्यानें चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

शाळेंत आपण एका मोठ्या कुटुंबांत वावरत असतों. घंटा झाली कीं वर्गांत जावयाचें, घंटा झाली कीं बाहेर यावयाचें. वर्गशिक्षक हजेरी घेतात; सलग दोन दिवस एखादें मूल दिसलें नाहीं तर घरीं निरोप जातो. गृहपाठ राहिला तर वहींत तांबडी शाई उमटते. सारांश, आपली आठवण ठेवणारें दुसरें कोणी तरी असतें. महाविद्यालयांत हा प्रकार बदलतो. एका वर्गांत शंभर-सव्वाशें विद्यार्थी असतात. एक प्राध्यापक आपला विषय शिकवून निघून जातात व पुढचा तास कित्येकदां निराळ्याच इमारतींत असतो. तास बुडाला तर कोणी हांक मारीत नाहीं. ह्याचा अर्थ तेथील शिक्षक निष्ठुर असतात असा मुळींच नव्हे. तेथें विद्यार्थी हा जाणता झालेला समजला जातो, व आपली आठवण त्यानें आपणच ठेवावी अशी अपेक्षा असते. पहिल्या आठवड्यांत शिकावयाची मुख्य गोष्ट हीच होय. आजवर वर्गशिक्षक जें काम करीत असत तें आतां स्वतः करावयाचें. आणि जें स्वतःस कळत नाहीं तें लाज न धरतां विचारावयाचें.

ह्यांपैकीं दुसरी गोष्ट मला वेळेवर कळली, पण माझ्या एका सोबत्यास कळली नाहीं. ती हकीकत सांगणें मला अवघड वाटतें, तरी सांगतों.

आम्ही दोघे ह्याच शाळेच्या एका बाकावर बसलेले. दहावी येथें झाली, बारावी तालुक्याच्या गांवीं मराठी माध्यमांतून झाली, आणि दोघांनाही पुण्याच्या एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेस प्रवेश मिळाला. त्या गोष्टीस आतां पंचवीसांहून अधिक वर्षें लोटलीं. एस. टी. तून ट्रंका उतरवून आम्ही वसतिगृहाच्या एकाच खोलींत राहावयास गेलों. सोमवारीं पहिला तास हिशेबशास्त्राचा. प्राध्यापक झरझर इंग्रजींत बोलत होते. सबंध तासांत ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द निदान वीस वेळां कानांवर आला, आणि तो काय पदार्थ आहे हें आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतें. मागच्या बाकावर बसून आम्ही एकमेकांकडे पाहत होतों. मंगळवार, बुधवार तसेच गेले. शहरांतील मुलें उत्तरें देत, हंसत. आणि हें शिक्षण आपल्याकरितां नाहीं असें आमच्या मनानें घेतलें. गुरुवारीं पहांटे मी जागा झालों तों सोबती ट्रंक भरीत होता. “घरीं जाऊन येतों,” एवढेंच तो म्हणाला. तो परत येणार नाहीं हें मला दिसत होतें. परंतु मींही मनांत शनिवारची गाडी ठरविली होती. म्हणून मीं त्याला अडविलें नाहीं. तो गेला.

शुक्रवारीं तास संपल्यावर प्राध्यापक एकटेच फळा पुसत होते. निघून जावयाचेंच आहे, मग विचारण्यास काय हरकत, असा विचार करून मी पुढें झालों व म्हणालों, “सर, डेप्रिसिएशन म्हणजे काय?” त्यांनीं माझ्याकडे पाहिलें व शुद्ध मराठींत म्हणाले, “अरे, घसारा! बारावीला शिकला असशील ना?”

घसारा! यंत्र वापरलें म्हणजे त्याची किंमत दरसाल किती उतरते याचीं गणितें बारावीस मीं डोळे मिटून सोडविलीं होतीं. तीन-चार दिवस ज्या भिंतीपुढें आम्ही उभे होतों ती एका शब्दाची होती. सरांनीं मग मला आपल्या खोलींत नेऊन अर्ध्या तासांत आणखी पंधरा-वीस शब्द सांगितले. शनिवारची गाडी मीं सोडून दिली. त्याच रात्रीं सोबत्यास पत्र लिहिलें. पण तोंवर त्याच्या घरीं दुकानाची मांडणी ठरून गेली होती. आज त्याचें दुकान चांगलें चालतें व तो सुखी आहे. तरीही भेट झाली कीं तो म्हणतो, “आणखी एक दिवस राहिलों असतों तर?” त्या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नाहीं. त्या गुरुवारीं मीं त्याचा हात धरावयास पाहिजे होता, एवढें मात्र मला ठाऊक आहे. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे.

आतां सत्र म्हणजे काय तें पाहूं. पूर्वीं पदवीच्या बहुतेक वर्गांस वर्षाअखेर एकच मोठी परीक्षा असे. दिवाळीपर्यंत ढिलाई झाली तरी पुढें भरून काढतां येई. मुंबई विद्यापीठानें २०११ सालापासून पदवीच्या वर्गांस श्रेयांकांची सत्रपद्धति लागू केली, व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीच रीत सर्वत्र रूढ होत आहे. वर्षाचीं दोन सत्रें; प्रत्येकाची परीक्षा निराळी. शिवाय सत्र चालू असतां लहान चाचण्या, निबंध, प्रकल्प ह्यांचे गुणही मिळविले जातात. पावसाळ्याच्या आरंभीं सुरू झालेलें पहिलें सत्र दिवाळीच्या सुमारास परीक्षेपाशीं येऊन ठेपतें. म्हणून आरंभींचा एक आठवडा पूर्वीं क्षुल्लक होता, तो आतां तसा राहिलेला नाहीं.

श्रेयांक हा शब्द नवखा वाटेल, परंतु त्याचा हिशेब सोपा आहे. वर्गांत बसून ऐकावयाच्या विषयास १५ तासांच्या अध्यापनाचा एक श्रेयांक धरतात. प्रात्यक्षिकास एका श्रेयांकाला ३० तास लागतात. एका सत्रांत साधारणतः २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात. समजा, २२ श्रेयांक केवळ व्याख्यानांचे आहेत. तर २२ गुणिले १५ म्हणजे ३३० तास झाले, व १५ आठवड्यांत वांटले असतां आठवड्यास २२ तास आले. आठवड्याचे एकंदर तास १६८. त्यांतून झोंपेचे ५६, आणि जेवण, स्नान, जाणें-येणें ह्यांचे रोज चार प्रमाणें २८ वजा केले तर ८४ राहतात. व्याख्यानांचे २२ गेले, तरी ६२ तास शिल्लक उरतात. ह्या ६२ तासांवर कोणाची घंटा वाजत नाहीं. पुष्कळ मुलें महाविद्यालयांत बिघडतात असें आपण म्हणतों. परंतु बारकाईनें पाहिलें तर तीं ह्या बेवारशी तासांत हरवतात. ह्यांतील निम्मे तास जरी अभ्यासास वाहिले तरी उरलेल्या ३१ तासांत खेळ, मित्र व विश्रांति ह्यांस भरपूर वाव राहतो. म्हणून पहिल्याच रविवारीं एका कागदावर सात रकाने आंखावे, ठरलेले तास लिहावे, व रिकाम्या तासांपैकीं कोणते अभ्यासाचे हें शाईनें लिहून ठेवावें.

हजेरीचाही असाच हिशेब आहे. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थिति आवश्यक असते. चार श्रेयांकांच्या विषयाचे ६० तास होतात; त्यांपैकीं ४५ तास बसलेंच पाहिजे. आजारपण, घरचें कार्य, प्रवास ह्यांकरितां सबंध सत्रांत १५ तासांची काय ती मोकळीक. ‘पहिल्या आठवड्यांत कांहीं शिकवीत नाहींत’ असें ऐकून जो घरीं राहतो तो त्यांतील चार तास आरंभींच खर्चून टाकतो. शिवाय त्याच आठवड्यांत अभ्यासक्रम, पुस्तकें, गुणांची विभागणी व चाचण्यांच्या तारखा सांगितल्या जातात. पुढें एखादा पाठ दुसऱ्याच्या वहीवरून उतरून घेतां येतो; ही माहिती सहसा कोणाच्या वहींत नीट सांपडत नाहीं.

प्रत्यक्ष कामें कोणतीं, तीं क्रमानें सांगतों. तास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं महाविद्यालयांत एक फेरी मारावी. वेळापत्रक हातांत घेऊन प्रत्येक वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कचेरी व पिण्याच्या पाण्याची जागा स्वतः पाहून यावी. पहिल्या दिवशीं चुकीच्या वर्गांत बसलेला व उठून जाण्याची लाज वाटून तास संपेपर्यंत तेथेंच राहिलेला विद्यार्थी मला दरवर्षीं भेटतो. राहण्याचें ठिकाण दूर असेल तर तेथून महाविद्यालयास बसनें किती वेळ लागतो हें गर्दीच्या वेळींच पाहावें. ओळखपत्र, ग्रंथालयाचें कार्ड व शिष्यवृत्तीचा अर्ज हीं तीन कामें पहिल्या आठवड्यांतच हातीं घ्यावीं. शिष्यवृत्तीस जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला लागतो. त्यांतील एखादा गांवींच राहिला असेल तर तो मागविण्यास वेळ लागतो. आणि मुदत मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

नव्या पद्धतींत मुख्य विषयाबरोबर एखादा गौण विषय व एखादा इतर शाखेचा विषय निवडावा लागतो. ही निवड कित्येकदां पहिल्या दिवसांतच होते. मित्रानें घेतला म्हणून विषय घेऊं नये. त्याचा अभ्यासक्रम वाचावा, शक्य असल्यास त्या विषयाच्या एका तासास बसावें, आणि बदल करावयाचा झाल्यास शेवटची तारीख कोणती तें कचेरींत विचारून ठेवावें. सूचनाफलक रोज एकदां पाहण्याची संवय लावावी. आजकाल सूचना मोबाईलवरही येतात. परंतु मोबाईलवरील शेंकडों निरोपांत एक सूचना हरवणें सोपें असतें. म्हणून महत्त्वाच्या तारखा एका लहान वहींत टिपाव्या.

वर्गांत पहिल्या दोन-तीन रांगांत बसावें. पुढें बसणारा हुशारच असतो असें नाहीं. पण तेथें फळा दिसतो, आवाज ऐकूं येतो, आणि शिक्षकांस चेहरा ओळखीचा होतो. शेजारीं बसणाऱ्या दोघांचीं नांवें पहिल्याच दिवशीं विचारावीं. एखादे दिवशीं ताप आला तर पाठ मागावयास तेवढ्या दोन ओळखी पुरतात.

मराठी माध्यमांतून गेलेल्यांस भाषेची धास्ती फार असते, व तिजविषयीं मीं स्वतःची फजिती वर सांगितलीच आहे. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. न समजणारा विषय निराळा, आणि समजलेल्या विषयाचें न समजणारें नांव निराळें. जमाखर्चांतील ‘नांवें’ म्हणजे डेबिट, ‘जमा’ म्हणजे क्रेडिट, ‘खातेवही’ म्हणजे लेजर, ‘ताळेबंद’ म्हणजे बॅलन्स शीट. अर्थशास्त्रांतील मागणी व पुरवठा म्हणजे डिमांड व सप्लाय. पदार्थविज्ञानांतील वेग व त्वरण म्हणजे व्हेलॉसिटी व ॲक्सेलरेशन. ओळखीचाच माणूस निराळा पोषाख करून आला म्हणजे क्षणभर परका वाटतो, तसेंच हें आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करून रोज दहा शब्द लिहावे. सहा दिवसांत साठ होतात. एका विषयाचे आरंभींचे पाठ समजण्यास तेवढे बहुधा पुरतात.

विचारावयास जातांना मात्र ताकाला जाऊन भांडें लपवूं नये. ‘सर, कांहींच कळत नाहीं’ असें म्हटल्यानें शिक्षकांस कोठून आरंभ करावा हें उमगत नाहीं. ‘अमुक ओळीपर्यंत कळलें, अमुक शब्दापाशीं अडलों’ असें सांगितलें म्हणजे पांच मिनिटांत काम होतें. वीस वर्षें शिकवीत असतां एक अनुभव मला पुनः पुनः आला आहे. शंका विचारणाऱ्या मुलाकडे कोणी तुच्छतेनें पाहत नाहीं. उलट तास संपल्यावर त्याच्याभोंवतीं तीच शंका असलेलीं आणखी चार मुलें जमतात.

अभ्यासाविषयीं एकच नियम पाळला तरी पहिला आठवडा सार्थकीं लागेल. ज्या दिवशीं ऐकलें त्याच दिवशीं एकदां वाचावें. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीं विस्मरणाविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून, कांहीं काळानें तेच पुन्हां पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात हें त्यानें मोजलें. वीस मिनिटांनीं श्रमाची सुमारें ५८ टक्के बचत होत असे. एका दिवसानें ती सुमारें ३४ टक्क्यांवर आली, व सहा दिवसांनीं सुमारें २५ टक्क्यांवर. अर्थ समजून वाचलेलें ह्यापेक्षां अधिक टिकतें हें खरें. पण विसर पडण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसांतच उरकतो, पुढें त्याची गति मंदावते, हें तत्त्व त्यांतून दिसून येतें. म्हणून रात्रीं निजण्यापूर्वीं प्रत्येक तासाच्या टिपणावर दहा मिनिटें दिलीं तर परीक्षेच्या वेळचे कित्येक तास वांचतात.

वसतिगृहांत व मित्रमंडळींत पहिल्या आठवड्यांत जो घोळका भेटतो तोच कायमचा समजूं नये. ओळखी सर्वांशीं कराव्या, मैत्री सावकाश करावी. वरच्या वर्गांतील कोणी थट्टेच्या नांवाखालीं छळ करूं लागला तर तें मुकाट्यानें सोसणें हा शहाणपणा नव्हे. महाराष्ट्रांत १९९९ सालच्या कायद्यानें असा छळ हा गुन्हा ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक महाविद्यालयांत त्याकरितां समिति असावी लागते. तिच्या सभासदांचीं नांवें व दूरध्वनि क्रमांक पहिल्याच दिवशीं टिपून ठेवावे. पैशाचा हिशेबही पहिल्या दिवसापासून लिहावा. पहिल्या आठवड्यांत मोठेपणा दाखविण्याकरितां झालेला खर्च महिनाअखेरीस खानावळीचें देणें थकवितो.

आतां पालकांस दोन शब्द. पूर्वीं गांवाहून पत्र यावयास चार दिवस लागत; आतां दर तासास फोन करतां येतो, आणि तेंच कधीं कधीं मुलास बाधतें. रात्रीं एक ठराविक वेळ ठेवावी व त्या वेळीं बोलावें. ‘अभ्यास झाला का?’ ह्या प्रश्नाचें उत्तर नेहमीं ‘हो’ असेंच येतें. त्यापेक्षां ‘आज शेजारीं कोण बसलें होतें? कोणता शब्द अडला? कोणास विचारलास?’ असें विचारावें. मूल रडून परत येतों म्हणालें तर रागावूंही नये, आणि लगेच ‘ये’ असेंही म्हणूं नये. ‘रविवारपर्यंत राहा, मग आपण मिळून ठरवूं,’ असें सांगावें. मुलाच्या प्रकृतीस किंवा जिवास अपाय होईल अशी शंका आली तर गोष्ट निराळी. तेव्हां स्वतः जाऊन भेटावें. एरव्हीं बहुतेकांची घालमेल तेवढ्या चार-पांच दिवसांत निवते. माझ्या सोबत्याच्या वडिलांनीं प्रेमानेंच त्याला ठेवून घेतलें होतें. त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु त्यांना तरी हें कोणी सांगितलें होतें?

आठवडा संपल्यावर रविवारीं विद्यार्थ्यानें स्वतःस पांच प्रश्न विचारावे. सर्व तासांस मी हजर होतों का? प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम माझ्याजवळ आहे का? एक तरी शंका एका तरी शिक्षकांस विचारली का? अडचणींत हांक मारावी अशीं दोन माणसें जोडलीं का? आणि माझ्या शेजारीं कोणी गप्प बसलेला, एकटा, ट्रंक भरण्याच्या विचारांत असलेला मुलगा किंवा मुलगी आहे का?

शेवटचा प्रश्न मीं मुद्दाम शेवटीं ठेवला आहे. आपल्याला सगळें कळावयास लागल्यावर मग दुसऱ्यास हात देऊं, असें म्हणत बसूं नये. तितका वेळ कधीं कधीं नसतो. आपल्यालाही कळत नसलें तरी ‘चल, दोघे मिळून विचारूं’ एवढें म्हणतां येतें. येत्या वर्षीं ह्या शाळेंतून गेलेले कोणी दोघे परगांवीं एका खोलींत राहत असतील, तर त्यांपैकीं एकानें दुसऱ्यास तें गुरुवारीं म्हणावें. शुक्रवारपर्यंत थांबूं नये.